सतरा मिनिटं उशिरा

गेल्या ऑगस्टमध्ये डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून उतरताना मी घसरले. पाऊस, ओल्या पायऱ्या आणि खाली प्लॅटफॉर्मला लागत असलेली फास्ट लोकल. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची बावीस वर्षांची सवय त्या दिवशी नडली. गुडघ्याच्या लिगामेंटला मार बसला. डब्याचं झाकण उघडून भेंडीची भाजी पर्सभर सांडली, आणि खरं सांगते, गुडघ्याच्या आधी मला त्या भाजीचं वाईट वाटलं. दोन बायकांनी धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांची गाडी आली तशा त्या पळाल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही पळालेच असते.

डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसवलं आणि पुढचे सहा आठवडे धावायचं नाही, गर्दीच्या गाडीत चढायचं नाही, असं बजावलं. डोंबिवलीत राहून बॅलार्ड इस्टेटला नोकरी करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे चेष्टाच. कर्जत-कसाऱ्याकडून येणारी फास्ट आमच्याकडे पोचते तेव्हाच तिच्यात मुंगीला जागा नसते. तिच्यात आपण चढत नाही, मागची गर्दी आपल्याला आत भरते. मग उरली डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो. रिकामी लागते, दहा मिनिटं आधी गेलं तर बसायला मिळतं. नेमकी कितीची, ते मात्र इथे लिहिणार नाही. आमच्या डब्यात आधीच जागा कमी आहे.

फास्टवाल्यांच्या मनात स्लो गाडीबद्दल काय असतं, हे बाहेरच्यांना कळणार नाही. स्लो म्हणजे रिटायर झालेल्यांची, पहिल्यांदा मुंबई बघायला आलेल्यांची. घाई असलेली माणसं स्लोने जात नाहीत, आणि मुंबईत घाई नसलेला माणूस म्हणजे काहीतरी बिनसलेला माणूस. पहिल्या दिवशी खिडकीशी बसले तेव्हा शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून आमची फास्ट सुटताना दिसली. दारात आमच्या ग्रुपमधली बँकेतली मैत्रीण उभी. तिने मला पाहिलं, हात केला आणि खूण करून गुडघ्याचं विचारलं. परीक्षेला न बसलेल्या मुलीने खिडकीतून वर्गात डोकवावं तसं काहीतरी मला वाटलं.

डोंबिवली ते सीएसएमटी दोन्ही टोकं धरून चोवीस स्टेशनं. फास्ट त्यातली बरीचशी न थांबता मागे टाकते, स्लो एकही सोडत नाही. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे इथपर्यंत ठीक. त्यापुढे मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी अशी माळ सुरू झाली की माझा जीव वरखाली व्हायचा. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबते, वीसेक सेकंद, पुन्हा निघते. पहिला आठवडा मी प्रत्येक स्टेशनला मनगटावरचं घड्याळ बघत काढला. दोन आठवडे रोजची वेळ छोट्या वहीत मांडली (हिशेब खात्यात आहे, सवय जात नाही) तेव्हा आकडा निघाला. माझी फास्ट आणि माझी स्लो यांच्यात सरासरी फरक सतरा मिनिटांचा.

सतरा. मी वहीकडे बघतच बसले.

या सतरा मिनिटांसाठी मी बावीस वर्षं एका पायावर उभी राहिले. दुसऱ्यांची कोपरं खाल्ली, दोन मंगळसूत्रं तुटली, सात महिन्यांची गरोदर असताना कुर्ल्याला चुकून उतरवली गेले. आणि ती वाचवलेली मिनिटं जायची कुठे? ऑफिस पावणेदहाचं. मी साडेनऊच्या आत पोचायचे. कुलूप उघडायला शिपाई यायचा असायचा म्हणून पायरीवर उभी राहून मोबाईल बघायचे. म्हणजे रोज जीव मुठीत धरून मिळवलेली मिनिटं मी पायरीवर उभ्या उभ्या, लोकांच्या दिवाळीच्या फराळाचे फोटो बघण्यात खर्च करत होते. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं धावलीस, कुणी मेडल दिलं का?"

शांततेसाठी मी याआधी काही केलं नव्हतं असं नाही. पहाटे पाचचा गजर लावून प्राणायाम केला, अकरा दिवस. एक ॲप घेतलं होतं, त्यातली बाई इतक्या हळू आवाजात श्वास घ्यायला सांगायची की मला चिडचिडच व्हायची. कृतज्ञतेची डायरी आणली, तिची चार पानं भरली, पुढे तिच्यात दूधवाल्याचा हिशेब. हे सगळं माझ्या दिवसात आणखी काहीतरी घुसवायचे प्रकार होते, आणि दिवस तर आधीच आमच्या फास्टसारखा भरलेला. पायदानावर उभं राहायलाही जागा नाही, त्यात आणि शांतता कुठून चढणार?

सहा आठवडे झाले, गुडघा बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. सोमवारी सकाळी पुलावर उभी राहिले. एका बाजूला फास्ट लागत होती, दुसऱ्या बाजूला स्लो उभी होती. मी स्लोच्या जिन्याने उतरले. काही ठरवून वगैरे नाही. खिडकीची जागा रिकामी दिसली, एवढंच.

आता या डब्याविषयी सांगते, कारण फास्टचा डबा आणि हा डबा यांची भाषाच वेगळी. फास्टमध्ये बोलणं आज्ञार्थी असतं. सरका, आत व्हा, दादरला उतरणार का, पर्स पुढे घ्या. इथे वाक्यांना शेवट असतो. कोपर-दिव्याच्या काही बायका आधी उलट्या गाडीने डोंबिवलीला येऊन जागा धरतात, त्याला रिटर्न करणं म्हणतात. त्यांच्यावर डोंबिवलीच्या बायकांचा जुना राग आहे, आणि तोही इथे सविस्तर, उदाहरणांसकट व्यक्त होतो. म्हणजे स्लो गाडीत भांडणं नसतात अशा भ्रमात राहू नका. फक्त ती ठाण्यापर्यंत पुरवून पुरवून होतात.

माझ्या समोर एक मावशी बसतात. साठीच्या असतील, भायखळ्याला कुणाकडे तरी स्वयंपाकाला जातात. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दोऱ्याचं रीळ, हातात क्रोशाची सुई. दाराचं तोरण विणतात. पहिले काही दिवस मी नुसती त्यांची बोटं बघायचे. डाव्या हाताच्या तर्जनीवरून दोरा, उजव्या हातात सुई, आणि नजर खिडकीबाहेर. त्या साखळी-खांबाचे टाके मोजत नाहीत, स्टेशनं मोजतात. "मुलुंडपर्यंत साखळी, भांडुपपर्यंत खांबाची पहिली ओळ, घाटकोपरला कोपरा वळायचा." एकदा गाडी विक्रोळीला अर्धा तास अडकली. सिग्नल गेला होता. सगळा डबा फोनवर ऑफिसला कळवत होता, आणि मावशी वैतागून म्हणाल्या, "आता माझा कोपरा इथेच वळायला लागणार."

त्यांनीच मला सुई दिली. जाड दोऱ्याला घे म्हणाल्या. शाळेत शिवणाच्या तासाला साखळी शिकले होते, बाकी सगळं विसरलेलं. माझा पहिला चौकोन चौकोन नव्हताच, पतंग होता. एका बाजूला खांब जास्त पडत होते, कारण नाहूरला दार उघडलं की मी वर बघायचे आणि मोजणी चुकायची. मावशींनी तो हातात घेतला, चष्म्याच्या वरून बघितला आणि एक टोक धरून सर्रकन ओढला. दोन दिवसांचं काम सहा सेकंदांत उसवलं. मी आऽऽ म्हणून ओरडले, शेजारची झोपलेली मुलगी दचकून जागी झाली. मावशी म्हणाल्या, "दोरा कुठे जात नाही गं. दोरा इथेच आहे." आणि सुई परत माझ्या हातात.

ऑफिसात मी वर्षाला काही कोटींचे हिशेब जुळवते. एक रुपयाचा फरक आला तर रात्री झोप लागत नाही. सर्रकन उसवून पुन्हा साखळीपासून सुरू करायचं, कुणाला ईमेल नाही, खुलासा नाही, याची मला सवयच नव्हती.

खिडकीबाहेरचंही थोडं सांगते. बावीस वर्षं मी या मार्गावरून गेले, पण फास्टच्या मधल्या भागात उभं राहिलं की बाहेर काही दिसत नाही, समोरच्या बाईचा अंबाडा दिसतो. ही मधली स्टेशनं मी नीट पाहिली ती एकदाच, २६ जुलै २००५च्या रात्री. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रुळांतून चालत, पोटरीभर पाण्यात, पुढच्या बाईच्या ओढणीचं टोक धरून. कांजूरच्या प्लॅटफॉर्मची कड हाताने चाचपल्याचं आठवतं. नाहूर तेव्हा नव्हतंच, ते नंतर झालं. मुलुंडला चुलतसासूबाईंकडे रात्र काढली. त्यानंतर इतकी वर्षं ही स्टेशनं म्हणजे माझ्या लेखी फक्त पाणी भरायच्या जागा होत्या.

आता दिवा सुटलं की एका बाजूला मुंब्र्याचा डोंगर, वर मुंब्रादेवीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला खाडी. भरती-ओहोटी मला आता कॅलेंडर न बघता कळते. पावसाळ्यानंतर डोंगरावरचा हिरवा रंग कोणत्या आठवड्यात पिवळा पडायला लागतो, तेही. पण याच मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५च्या सकाळी दारात लटकून निघालेली माणसं गाडीतून पडली, आणि त्यातली काही पुन्हा घरी गेली नाहीत. ते वळण आलं की मावशी सुई थांबवतात, कपाळाला हात लावतात, पुन्हा सुरू करतात. देवीला की त्या माणसांना, मी विचारलेलं नाही.

आणि म्हणूनच हे सगळ्यांना सांगत सुटायची माझी हिंमत होत नाही. मला स्लो परवडते, कारण माझ्या स्टेशनातून रिकामी गाडी सुटते, माझ्या साहेबांना पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात, आणि मुलगा आता बारावीत आहे, त्याला कुणी उठवून तयार करावं लागत नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बदलापूरची एक मुलगी आहे, तिचं बाळ दीड वर्षाचं. तिला मी "स्लोने ये गं, बरं वाटतं" म्हटलं तर तिने पंच मशीन माझ्या डोक्यात घातलं पाहिजे. बदलापूरहून तिला तेवढी मिनिटं म्हणजे बाळाचं एक दूध पाजणं. संथपणावर भाषणं देणाऱ्या लोकांना मी मनात नेहमी विचारते, तुमची गाडी कुठून सुटते?

माझ्याही घरात याची किंमत कुणीतरी देतंच आहे. आता मी पूर्वीपेक्षा पंचवीस मिनिटं लवकर निघते. त्यामुळे सकाळचं पाणी भरणं आणि सासूबाईंचा दुसरा चहा नवऱ्याकडे गेला. पहिल्या आठवड्यात त्याने चहात आलं किसायच्या ऐवजी तुकडे टाकले, सासूबाईंनी ते एकेक काढून बशीच्या कडेला ओळीने मांडले, काही बोलल्या नाहीत. आता किसतो.

सगळ्यात जड गेला तो ग्रुप. फास्टच्या डब्यातला आमचा ग्रुप एकोणीस वर्षांचा आहे. त्यात डोहाळजेवणं झाली, नवरात्राचे नऊ रंग झाले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरणं बांधून आरती झाली, एकीच्या नवऱ्याचं आजारपण आम्ही सगळ्यांनी मिळून उभ्या उभ्या सोसलं. उभ्या उभ्या हे शब्दशः, तिला रडायला बसायची जागा नव्हती, म्हणून आम्ही चौघींनी तिच्याभोवती कोंडाळं केलं होतं. तो जीव लावणारा गोंधळ मी सोडला. व्हॉट्सॲपवर अजून आहे, पण "कल्याणहून फुल्ल आलीय, मधल्या दाराला या" हा मेसेज आता मला उद्देशून नसतो. काही सकाळी त्याची हुरहूर लागते. शांततेत थोडा एकटेपणा येतोच, हे त्या ॲपवाल्या बाईने कधी सांगितलं नव्हतं.

त्या बदल्यात दुसरी माणसं दिसली. परळला फास्ट थांबत नाही, त्यामुळे मला कधी कळलंच नव्हतं की सकाळच्या स्लो गाडीत इतके एक्स-रेचे लिफाफे असतात. टाटा, केईएम, वाडिया, ही सगळी हॉस्पिटलं तिथेच. फेब्रुवारीत एकदा ठाण्याला एक आई आणि साधारण पंचविशीची मुलगी चढली. मुलीच्या डोक्याला रुमाल बांधलेला, आईच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि तीत फायली. बोलण्यावरून मराठवाड्याकडच्या. "टाटाला कुठं उतरावं लागतंय?" मी परळ सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. दर स्टेशनला आई अर्धवट उठायची, मुलगी तिचा पदर धरून खाली बसवायची. शेवटी मावशींनी त्यांना मोजायला लावलं. "हे सायन. आता माटुंगा, मग दादर. दादरला सगळ्या उठतील, तुम्ही उठायचं नाही. त्याच्या पुढचं तुमचं." दादरला धक्काबुक्की सुरू झाली, आई घाबरून उठलीच, तेव्हा अख्खा डबा एका सुरात म्हणाला, "अजून नाही!" मुलगी हसली. परळला उतरल्यावर तिने खिडकीपाशी येऊन मावशींच्या तोरणाला नुसतं बोट लावून बघितलं.

दादरनंतर गाडी निम्मी रिकामी होते. करी रोड, चिंचपोकळी, मग भायखळ्याला मावशी उतरतात. पुढे सँडहर्स्ट रोड आणि मशीद, जिथे माझं कधी काही काम नव्हतं. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती, मी मुद्दाम मशीदला उतरले. हे नाव तिथल्या जुन्या सिनेगॉगवरून (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पडलं असं सांगतात, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, १७९६ सालचं. लहानपणी आमच्या शेजारी एक बेने इस्रायल आजी राहायच्या, अस्सल अलिबागी मराठी बोलायच्या, शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. त्यांची आठवण इतकी वर्षं कुठे होती कोण जाणे. हातगाड्या, सुक्या मेव्याची पोती, मिरचीचा ठसका यातून वाट काढत सॅम्युएल स्ट्रीटवर ती इमारत शोधली, बाहेरूनच बघितली आणि चालत ऑफिसला गेले. पोचायला उशीर झाला होता. कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

एक गंमत आवडते मला. १६ एप्रिल १८५३ला आताच्या सीएसएमटीजवळच्या बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली. माझी स्लो ठाण्याहून सीएसएमटीला साधारण तेवढाच वेळ घेते. पावणेदोनशे वर्षं होत आली, आम्ही अजून तासाभराचेच. मध्ये थांबे वाढले म्हणा.

येतानाचं विचारू नका. संध्याकाळी मी फास्टनेच येते, दारापासून तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी छत्रीचं टोक पाठीत. सकाळची शांतता संध्याकाळी कुर्ल्यापर्यंतही टिकत नाही. परवा घरी येऊन मुलाच्या ओल्या टॉवेलवरून मी असा आवाज चढवला की सासूबाईंनी टीव्ही म्यूट केला, नीट ऐकायला. तेव्हा मी बदलले वगैरे म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात बँकेतल्या मैत्रिणीचा रात्री मेसेज आला, "उद्या तुझ्याबरोबर स्लोने येते गं, बघू तरी तुझं ते तोरण. जागा पकड." आयुष्यभर जागा पकडणाऱ्या बायकांना नावं ठेवली, तरी मी पर्स शेजारी ठेवली. समोरून मावशींनी चष्म्याच्या वरून असं पाहिलं की मी ती मुकाट्याने मांडीवर घेतली. मैत्रीण धापा टाकत आली तेव्हा गाडी भरली होती. ठाण्यापर्यंत उभी राहिली, तिथे तिघींच्या बाकावर कशीबशी चौथी सीट मिळाली. मी तिला माझे चौकोन दाखवले, सोळा झाले होते. छान आहेत म्हणाली. भांडुपला घड्याळ बघितलं, घाटकोपरला बघितलं. पुढचं स्टेशन आलं तशी मान वाकवून पाटी वाचली आणि मला म्हणाली, "अगं, अजून विद्याविहारच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला, "उतरले. तू कुठे?"

"कुर्ला," मी लिहिलं. आणि सुई उचलली, कारण कोपरा वळायचा राहून गेला होता.